दोन कागदांची गाठभेट

“काय बदललंय?”

नमस्कार-चमत्कार काही नाही. दारात पाऊल पडलं की त्यांचा हा पहिला प्रश्न. छत्री कोपऱ्यात उभी करायच्या आधी, पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधी. मान जराशी डावीकडे कलती करून, चष्म्याच्या वरून बघत ते विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीला टेकायचे नाहीत.

अशी एखादी सवय जडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी बोलण्याआधी खाकरतो, कुणी पावलापावलाला देवाचं नाव घेतो. त्या सवयीमागे काय दडलं असेल याचा आपण विचार करत नाही, नकला मात्र करतो. मीही केल्या. सांगलीत चार मित्र जमले की चष्मा नाकावर ओढून मी “काय बदललंय?” म्हणायचो आणि मंडळी हसून लोळायची.

ते साताऱ्याला राहत. लोखंड-काँक्रीटचं गणित करणारे इंजिनियर. आम्ही त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणत असू, म्हणून इथेही तेवढंच म्हणतो. मी नुकताच आर्किटेक्ट होऊन सांगलीत एका खोलीचं ऑफिस थाटलं होतं. इमारत कशी दिसावी हे मी ठरवायचं आणि ती उभी कशी राहावी हे त्यांनी, अशी आमची वाटणी. मी नकाशा काढून साताऱ्याला धाडायचा, त्यांनी खांब, तुळया, सळया घालून परत पाठवायचा. मध्ये सत्तर-पंचाहत्तर मैल एस.टी.चा रस्ता आणि एक ट्रंककॉल.

त्या ट्रंककॉलबद्दल सांगायलाच हवं. दोन वाक्यं ऐकू आली तर चार खरखरीत जायची. आकडे चुकू नयेत म्हणून साहेब त्यांना खुणा बांधून द्यायचे. “आर्किटेक्ट, लिहून घ्या. कोपऱ्यातला खांब नऊ इंच. नऊ! नवरात्राचे नऊ! तुळई अठरा. अठरा! पुराणांची अठरा!” एवढ्या मोठ्यानं, की फोनची गरजच काय, असं शेजारचा किराणावाला विचारायचा. एकदा मधूनच कऱ्हाडच्या ऑपरेटरचा आवाज आला, “सायेब, मगाशी तुळई पंधरा बोलला हुता न्हवं?”

मला वाटलं, आता साहेब भडकणार. पण ते खूश. “बरं झालं बोललात. पंधरा पहिल्या तुळईची, ही दुसरी. आर्किटेक्ट, तुमच्याकडे दोन्ही आहेत ना?” माझ्याकडे एकच होती. तेव्हापासून प्रत्येक कॉलच्या शेवटी ते त्या ऑपरेटरला “बरोबर ना हो?” असं विचारू लागले, आणि तोही “बराबर हाय” म्हटल्याशिवाय लाइन तोडायचा नाही.

महत्त्वाचं काम असलं की मात्र ते स्वतः यायचे. काखेत पत्रेवाल्याकडून करून घेतलेली लांब नळी, तिच्यात गुंडाळलेले नकाशे. एकदा एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, “बंदूक हाय का वो?” मागच्या बाकावरचे एक पेन्शनर जवान म्हणाले, “बंदूक कुठली गड्या? मोर्टार हाय त्यो.” साहेब गंभीरपणे म्हणाले, “नाही. त्याहून वाईट आहे. स्लॅब आहे.” कंडक्टरनं नळी आपल्या सीटशेजारी जपून उभी केली.

ऑफिसात आले की त्यांचा एक विधी असे. माझी खिडकी पूर्वेची. सकाळचं ऊन काचेवर आलं की आधी माझा ट्रेसिंग कागद काचेला लावायचा, त्यावर त्यांचा. पलीकडून उजेड आला की दोन्हींच्या रेषा एकमेकींवर पडायच्या. खांबावर खांब आला तर ठीक. नाहीतर काळ्या रेषेशेजारी दुसरी रेष उगीच उभी दिसायची. नळीत राहून राहून कागद वळलेले असत, सोडले की गुंडाळून बसत. म्हणून दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे. आम्ही असे काचेला चिकटून उभे राहिलो की रस्त्यावरची पोरं तोंडं वेडावायची.

“कागदांची गाठभेट झाली पाहिजे,” ते म्हणायचे. “माणसं नंतर भेटली तरी चालतील.”

मग मी काय काय बदललंय ते एकेक करून मोठ्यानं वाचायचं. जिना फिरवला. खिडकी रुंद केली. संडासाची भिंत सरकवली. प्रत्येक वाक्याला ते “होय” म्हणायचे. त्यांनी काही बदललं असेल तर ते वाचायचे आणि “होय” मी म्हणायचं. एकदा मी नुसतं “हं” केलं. ते थांबले. “हं नको. हं माणूस झोपेतही म्हणतो.”

घरीही तेच. त्यांच्याकडे जेवायला बसलो की आमटीचा पहिला भुरका घेऊन ते वहिनींकडे बघायचे. वहिनी न विचारताच सांगायच्या, “चिंच संपली होती, आमसूल घातलंय.” मग साहेब समाधानानं जेवू लागायचे. माझ्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. अक्षता पडल्या, ते स्टेजवर आले, माझ्या बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान कलती करून विचारलं, “काय बदललंय?” मांडव हसला. बायको बिचारी घाबरली. रात्री मला म्हणाली, “माझ्यात काही खोट दिसली का हो त्यांना?”

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग विट्याचं काम आलं.

विट्याकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या. दुकानं कुठे कुठे, पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत. वर्षभर परमुलखात भट्टीपुढे बसायचं आणि दिवाळीला गावी यायचं. त्यातल्या काहींनी मिळून गावात लग्नाचं कार्यालय बांधायचं ठरवलं. नकाशा मंजूर झाला, साहेबांचं गणित झालं, पाया खणला. दिवाळीला मद्रासचे शेट गावी आले आणि उन्हात खुर्ची टाकून नकाशाकडे बघत बसले.

“हे मधी खांब कशाला वो?” ते म्हणाले. “नवरा-नवरी दिसायची कशी? पाव्हणं काय खांबाला अक्षता टाकणार हायत? मद्रासला मी लय हॉल बघितल्यात, एकबी खांब न्हाई.”

खरं सांगायचं तर मलाही ते खांब सलत होतेच. मी दोन्ही काढून नवा नकाशा केला आणि काय बदललं ते ठळक लिहून साताऱ्याला पाठवला. उत्तर नाही. ट्रंककॉल लावला तर वहिनी म्हणाल्या, बाहेर गेलेत. पुन्हा लावला, तेव्हाही बाहेर. विट्यात मुकादम हात चोळत बसलेला, परमिटावर मिळालेलं सिमेंट पडून पडून दगड होत चाललेलं. शेवटी संक्रांतीच्या दिवशी सकाळची गाडी धरून मी स्वतःच साताऱ्याला गेलो.

साहेब घरातच होते. खिडकीशी उभे. दोन्ही कागद काचेला लावून, वरचे कोपरे दोन हातांनी दाबून. खालचे कोपरे वळून वर आलेले. मला बघून त्यांनी “काय बदललंय?” विचारलं नाही. तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

“खालचे कोपरे धरा,” ते म्हणाले. मी वाकून धरले. माझ्या कागदावर मधले खांब नव्हते, त्यांच्या कागदावर होते. उन्हात ते दोन काळे चौकोन रिकाम्या हॉलमध्ये उभे दिसत होते.

“हे मला एकदा असंच दिसायला हवं होतं,” ते म्हणाले.

मग कागद तसेच धरून त्यांनी सांगितलं. पूर्वी एका गावात शाळेचं काम होतं. शाळेपुढे पोर्च, पोर्चला पुढे दोन खांब. त्यांनी खांब धरून सळ्या ठरवल्या. तिथल्या आर्किटेक्टनं पुढे खांब काढून टाकले, कारण उद्घाटनाला पाहुण्यांची जीप वळायला जागा हवी होती. नवा कागद त्यानं ठेकेदाराला दिला, साहेबांना नाही. ठेकेदारानं आकार त्याच्या कागदातला घेतला, सळ्या यांच्या कागदातल्या.

“दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबला सळई खालच्या अंगाला लागते,” ते म्हणाले, “आणि पुढे अधांतरी असलेल्याला वरच्या. एवढंच. टेकू काढायला लागले तसा पोर्च खाली आला. खाली नामदेव नावाचा गवंडी होता. त्याचा पाय गेला.”

“पण तुमचा काय दोष?” मी म्हणालो. अशा वेळी माणूस म्हणतो तेच.

“चौकशीतही तेच ठरलं. माझा कागद बरोबर होता. त्याचाही बरोबर होता. आपापल्या ऑफिसात दोन्ही बरोबर होते.” त्यांनी कागद सोडले, ते गुंडाळले गेले. “त्या महिन्यात मी दोनदा त्याच्या ऑफिसवरून गेलो होतो, आर्किटेक्ट. वर जाऊन विचारलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं.”

ते दोन शब्द कोणते, हे त्यांनी सांगितलं नाही, मला सांगायची गरजही नव्हती. मित्रांसमोर नाकावर चष्मा ओढून म्हटलेले तेच शब्द माझ्या कानात वाजायला लागले. मला कुठे बघावं कळेना. शरम वाटली ती इतकी, की वहिनींनी हातावर ठेवलेला तिळगूळ मी तसाच मुठीत धरून बसलो.

साहेब निघायच्या तयारीत होते. दर संक्रांतीला ते रहिमतपूरला नामदेवकडे जात. “येता का?” त्यांनी विचारलं. मी गेलो.

रहिमतपूरच्या बाजाराच्या कडेला नामदेवचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि पाण्याचं घमेलं. चाळिशीचा माणूस, दंड अजून गवंड्याचे. पोत्यावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. कुबडी मागे पत्र्याला टेकवलेली. साहेबांनी तिळगूळ पुढे केला. “घे नामदेव. गोड बोल.”

त्यानं हात पुसून घेतला, आमच्या हातावर आपल्या घरचा ठेवला. त्याच्या बायकोनं चहा आणला. साहेब लाकडी खोक्यावर बसले. साहेबांची नजर सारखी खाली जाई, दुमडून खोचलेल्या त्याच्या धोतराकडे, आणि दचकून वर येई. मला ते बघवेना. दरवर्षी हे असंच चालत असणार.

चहा संपला. नामदेवनं ट्यूब खाली ठेवली.

“सायेब, एक बोलू का? संक्रांतीला गोड बोलायचं असतंय, म्हणून इतकी वर्सं गप बसलो. पर आज बोलतो. म्होरल्या संक्रांतीला तुमी येऊ नगा.”

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला.

“राग न्हाई माझा. तुमच्या कागदात खांब हुता, मला ठावं हाय.”

“होता,” साहेब म्हणाले. “म्हणूनच तर.”

“आवं पर तुमी येता, हितं बसता, आन् माझ्या पायाकडं बघता. वर्सभर मी सायकलवाला असतो. पोरं म्हणत्यात, नामदेवअण्णा, पंक्चर काढा. तुमी आला की मी परत लंगडा हुतो. तुमी गेल्यावर आठ-आठ दिस पाय ठणकतो, नसलेला.”

त्याची बायको आतून “आवं, काय बोलताय?” असं म्हणाली. पण शब्द सुटून गेले होते. साहेब उठले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “बरं. नाही येणार.” त्यांचा चहाचा कप मीच उचलून आत दिला.

परतीच्या एस.टी.त साहेब एकदम म्हणाले, “मी संक्रांतच का धरली होती, कळलं का तुम्हाला? त्या दिवशी कुणी कडू बोलत नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी गेलो असतो तर त्यानं हे पहिल्याच वर्षी सांगितलं असतं.”

विट्याचं गणित त्यांनी त्यानंतर चारच दिवसांत पाठवलं. मधले खांब काढले होते आणि त्याऐवजी हॉलच्या आरपार मोठाल्या तुळया घातल्या होत्या. शेट कुरकुरले. त्यांना तुळया डोक्यावर आल्यासारख्या वाटत होत्या. साहेब त्यांना म्हणाले, “खांब काढता येतो हो शेट. त्याच्यावरचं ओझं काढता येत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी घ्यावंच लागतं.” शेटनी सोन्याचं वजन करणाऱ्या माणसासारखी मान हलवली आणि पुन्हा तक्रार केली नाही.

टेकू काढायच्या दिवशी साहेब विट्याला आले. आम्ही सगळे माना वर करून छताकडे बघत होतो. साहेबांचं छताकडे लक्षच नव्हतं. ते बाहेर आलेली माणसं मोजत होते, परत परत. सगळी भरली तेव्हा त्यांनी चहा मागवला.

पुढची संक्रांत कशी गेली ते मला वहिनींनी सांगितलं. सकाळी अंघोळ करून, खिशात तिळगुळाची पुडी घालून ते स्टँडवर गेले. दुपारी परत आले, पुडी तशीच. वहिनींनी विचारलं, “गाडी नाही मिळाली?” ते म्हणाले, “गाडी होती.” एवढंच बोलून ते कामाला बसले.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला, तो उघडलाच नाही. हृदयाचं दुखणं जुनं होतं. त्यांच्या पुतण्याचा ट्रंककॉल आला, तेव्हा आवाज खरखरीत हरवत होता, आणि कऱ्हाडचा ऑपरेटरच मधे पडून म्हणाला, “सायेब, साताऱ्याचं सायेब गेलं म्हणत्यात.” मग तोच म्हणाला, “बराबर ऐकलं मी, सायेब. दोनदा इचारलं.”

काम थांबत नाही. साताऱ्याच्याच एका तरुण इंजिनियरकडे मी नकाशे पाठवू लागलो. हुशार होता. पोस्टानं कागद यायचे, पोस्टानं जायचे. पण ते मिळाले की मी काचेला लावायचो, आणि ती कसरत एकट्याला जमायची नाही. वरचे कोपरे धरले की खालचे वर यायचे. टाचण्या लावून बघितल्या, चिकटपट्टी लावून बघितली. उन्हात ती सुटायची.

पुढच्या संक्रांतीला सकाळी मी असाच खिडकीशी झटत होतो, तेव्हा दारात कुबडीचा आवाज आला. नामदेव. मिरजेला लाकडी पायाचं माप द्यायला आला होता, तिथून शोधत शोधत माझ्याकडे. त्यानं खिशातून पुडी काढून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

“गेल्या संक्रांतीला सायेब आलं न्हाईत,” तो म्हणाला. “मीच येऊ नगा म्हनलो. बायकू म्हणती, येणारं माणूस तोडलंस. मला वाटलं, पाय तरी इसरंल. कुठला इसरतोय. आता पायाबरूबर सायेब बी आठवत्यात.” त्यानं दुसरी पुडी पुढे केली. “त्यास्नी ही धाडा. म्हणावं, या.”

मला सांगावं लागलं.

त्यानं पुढे केलेली पुडी मागे घेतली. मग अगदी हळू म्हणाला, “मी बोललो त्येचा घोर तर न्हाई घेतला त्यांनी?”

“नाही, नाही. हृदयाचं जुनं दुखणं होतं,” मी म्हणालो. खरंच होतं ते. पण हे सांगताना माझा आवाज पुरेसा मोठा निघाला नाही, आणि त्यानं माझ्याकडे तसंच बघितलं, जसं साहेब त्याच्या पायाकडे बघायचे. मला त्या क्षणी कळलं की हा घोर आता रहिमतपूरला जाणार, पत्र्याच्या दुकानात, आणि तो थांबवायला माझ्याकडे काही नाही.

खिडकीवरचा कागद सुटून गुंडाळला गेला. मी धावलो. नामदेव माझ्या मागून आला, कुबडी टेबलाला टेकवली, एका हातानं खिडकीची चौकट धरली आणि दुसरा पंजा कागदाच्या कोपऱ्यावर दाबून ठेवला. नखांत सायकलचं काळं वंगण होतं. कागदाला डाग पडला.

“हे काय करताय?” त्यानं विचारलं.

“साहेबांची रीत. दोन्ही कागद जुळतात का ते बघायचं. ते असते तर विचारलं असतं, काय बदललंय.”

तो काचेवरच्या रेषांकडे बघत होता. गवंडी माणूस, खांब कुठे आहेत ते त्याला दिसत असणार.

“मग सांगा की,” तो म्हणाला.

मी वाचायला सुरुवात केली. जिना उजवीकडे नेला. “व्हय,” नामदेव म्हणाला. मागची खिडकी रुंद केली. “व्हय.” पुढचा एक खांब हलवला, काढलेला नाही. तो जरा थांबला, खाली वाकून बघितलं, आणि मग म्हणाला, “व्हय.” मी एकेक बदल मोठ्यानं वाचत गेलो आणि तो कोपरा न सोडता प्रत्येकाला “व्हय” म्हणत गेला.